तिसरी गाठ

उन्नतीनं फ्रीजचं दार उघडून मला इंजेक्शनांचा डबा दाखवला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला आधी वाटलं आत कुणाच्या वाढदिवसाचा केक आहे.

"ताई, या टायमाला दहाच आहेत," ती म्हणाली. "पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून चालू. पाच-सहा दिवसांत येईलच. तू येशील ना रोज संध्याकाळी, मागच्या वेळेसारखी?"

"येईन की. तुझ्याकडचा चहा प्यायला तरी येईन," मी म्हटलं.

उन्नती माझी धाकटी जाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सासूबाईंच्या तोंडाला कंटाळून ती आणि माझा दीर कल्पेश बदलापूर गावातलं घर सोडून चिखलोलीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी उल्हासनगरहून स्कूटरवर घरी जाते, चिखलोली वाटेतच. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी माझी तिच्याकडे चक्कर असते. लग्नाला साडेसात वर्षं झाली तरी तिला मूल नाही. गेल्या वर्षी आयव्हीएफचा एक प्रयत्न झाला, तो फसला. आता दुसरा.

"आणि हे बघ," तिनं सोनोग्राफीचा कागद पुढे केला. "गर्भाशयात छोटासा फायब्रॉइड परत आलाय. तीन सेंटिमीटरची गाठ. आयव्हीएफचे सर बोलले, टेन्शन नको घेऊ, आपण प्रोसेस चालू करू."

मी कागद घेतला. दोनदा वाचला. मग तिला म्हटलं, सुया टोचायला मी आहेच, पण अजून दोन-तीन दिवस डबा उघडू नकोस, मला एकदा आमच्या डॉक्टरांना विचारू दे. ती हसली. "तू पण ना ताई, आईंसारखी शंकेखोर झालीस." मी चहा अर्धा टाकून निघाले. खाली स्कूटर सुरू करायला गेले तर किल्ली उलटी लावत होते.

मी काय काम करते ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. पुढच्या काउंटरवर रक्त घेतात, ते काम मुली करतात. मी मागच्या खोलीत असते. ऑपरेशनात पोटातून काढलेलं जे काही असतं, ते फॉर्मालिनच्या बरणीत घालून माझ्याकडे येतं. पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय, गाठी. मी ते कापते, त्यातले नखाएवढे तुकडे निवडते, ते रात्रभर मशीनमध्ये जातात, सकाळी मेणात बसतात, मग त्यांचे पापुद्रे काढून काचेवर रंगवायचे. ती काच डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात, साधं आहे की वाईट. अख्खी गाठ ते बघत नाहीत. मी जो तुकडा दिला तेवढाच बघतात. जो दिला नाही, त्याबद्दल त्यांना काही कळायचा मार्गच नसतो.

नियमानं हे निवडून कापायचं काम डॉक्टरांचं. पण आमचे डॉक्टर श्रीपाद चार लॅब सांभाळतात आणि अंबरनाथहून इथे पोचेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. "फायब्रॉइडच आहे ना? नूतन, तू बघ," असं ते एकदा म्हणाले. त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी बघते आहे. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भारी तोरा होता. नवीन मुली मला 'मॅडम' म्हणायच्या आणि मी म्हणू द्यायचे.

दीड वर्षापूर्वी उन्नतीच्या गर्भाशयातल्या गाठी काढल्या. तीन होत्या. गर्भाशय ठेवलं होतं, कारण सगळा खटाटोप मुलासाठीच होता. बदलापूरच्या ज्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं तिथल्या मॅडम म्हणाल्या, गाठी मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवते. मी पुढे झाले. "कशाला मॅडम? आमच्याकडेच द्या. घरची केस आहे, मी स्वतः लक्ष घालते." आमच्याकडे शाळेच्या ॲडमिशनपासून हॉस्पिटलच्या बेडपर्यंत प्रत्येक ठिकाणी आधी आपला माणूस शोधतात. आपला माणूस असला की काम चोख होतं, अशी आमची खात्री. उन्नतीचा आपला माणूस मी होते. कल्पेशनं बरणी माझ्याच हातात दिली. "वहिनी, तू आहेस म्हणून बरं वाटतं," तो म्हणाला.

बरणी मी शनिवारी उघडली. दुपारचे साडेतीन वाजले असतील. त्या संध्याकाळी आमच्या घरी, म्हणजे चुलत दिराच्या मुलाची हळद होती. आगऱ्यांच्या घरची हळद ज्यानं पाहिली नाही त्याला मी ती काय समजावणार? लग्न एक वेळ साधं होईल, हळद होणार नाही. सकाळीच वाजतगाजत उंबर आणून मांडवात रोवला होता, धवलारीण येऊन गाणी म्हणायला बसली होती, भाकऱ्या थापायला पंधरा बायका, आणि सगळ्या जावांनी एकसारख्या हिरव्या साड्या घेतलेल्या. सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले होते. "गो नूतन, कवा येतंस? सगल्या जनी आल्या, तुजाच पत्ता नाय. तुज्याबिगर हलद लावू का?"

तीन गाठी होत्या. दोन पांढऱ्या, टणक, कापल्यावर आत दोऱ्याच्या गुंड्यासारख्या. शंभर वेळा पाहिलेल्या. तिसरी लिंबाएवढी. तिच्यात सुरी गेली ती लोण्यात जावी तशी गेली. आतून पिवळसर होती, आणि कडेला बारीक शेवयांसारखे धागे बाहेर डोकावत होते.

मला ते दिसलं. हे मी स्पष्टच लिहिते, कारण नंतर अनेकदा मी स्वतःला समजावलं की घाईत दिसलं नसेल. दिसलं होतं. सुरी हातात धरून मी त्या धाग्यांकडे चांगलं मिनिटभर बघत उभी होते.

आता आमच्या कामातली एक खोड सांगते. ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण आमच्यातल्या पुष्कळ जणींना ती असते. मऊ तुकड्याची काच चांगली होत नाही. मेणातून पापुद्रा काढताना तो फाटतो, चुरगळतो, आणि मग डॉक्टर ओरडतात, "हे काय दिलंस, चिंध्या?" टणक तुकडा कसा लख्ख कापला जातो. म्हणून हात आपोआप टणक भागाकडे जातो. 'चांगला तुकडा घे' असं मी नवीन मुलींना शिकवायचे, आणि चांगला म्हणजे चांगला कापला जाणारा. आजार कुठे असेल तो, असा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात कधीच नव्हता. एकोणीस वर्षांत नव्हता! मऊ गाठ आली तर उलट जास्त तुकडे घ्यायचे असतात, हे मला पाठ होतं. पण त्याला वेळ लागतो. नीट निथळायचं, नीट कापायचं, अर्धा-पाऊण तास सहज जातो.

मी दोन टणक गाठींचे चार सुंदर तुकडे घेतले. तिसरी बरणीत परत टाकली. सोमवारी हिचेही घेऊ, असं मनात म्हटलं. आणि वहीत लिहिलं, 'तीन गाठी, पांढऱ्या, टणक'. तीन. हा शब्द माझ्या हातचा आहे.

हळदीत मी मनसोक्त नाचले. सोमवारी पाय दुखतात म्हणून दांडी मारली. मंगळवारी गेले तर रिपोर्ट निघालेला होता. साधे फायब्रॉइड, काळजीचं कारण नाही. ऑपरेशनचे टाके असतानाही उन्नतीनं मला मिठी मारली. मग कसली तिसरी गाठ नि कसला सोमवार. रिपोर्ट गेल्यावर नवा तुकडा काढायचा तर डॉक्टरांना सांगावं लागलं असतं की आधी का घेतला नाही. मी नाही सांगितलं.

बरण्या आम्ही महिनाभर ठेवतो, मग कचऱ्याची गाडी नेते. उन्नतीची बरणी मी दर महिन्याला बाजूला काढून बेसिनच्या खालच्या कपाटात मागे सरकवत गेले. विचारलं असतं तर काय कारण सांगितलं असतं, देव जाणे. फेकवत नव्हती आणि उघडवतही नव्हती. त्या गाठीत काही नाही असं मला खरंच वाटत असतं, तर मी ती पहिल्याच महिन्यात फेकली असती.

आणि गेल्या वर्षीची बारा इंजेक्शनं मीच दिली. रोज संध्याकाळी तिच्या पोटाच्या कातडीला चिमटा काढून. त्या औषधानं शरीरातलं बायकांचं हार्मोन चढतं. गर्भाशयात एक अगदी क्वचित दिसणारी गाठ होते, वरून फायब्रॉइडसारखीच, आणि हे हार्मोन म्हणजे तिचं खतपाणी. अशा दोन केस मी एकोणीस वर्षांत पाहिल्या होत्या. दोन्ही मऊ होत्या, पिवळसर होत्या. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि तरी सुई टोचताना मी तिला म्हणायचे, "झालं गो, झालं, आता मुलगाच होणार."

उन्नतीनं तो सोनोग्राफीचा कागद दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी लॅब उघडायच्या आधी पोचले. बरणी काढली. गाठ तशीच होती, फक्त रंग राखाडी झाला होता. या वेळी मी सहा तुकडे घेतले, सावकाश, शेवयांचा भाग धरून. शनिवारी दुपारी काचा तयार झाल्या. डॉक्टर यायच्या आधी मी स्वतःच बघितल्या. फायब्रॉइडच्या लांबट पेशी कुठेच नव्हत्या. बारीक, निळ्या, एकसारख्या पेशींची गर्दी होती, आणि त्यांच्या जिभा आजूबाजूच्या स्नायूत घुसलेल्या. मी डॉक्टर नाही, पण आंधळीही नाही. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. काउंटरवरची मुलगी दोनदा डोकावून गेली.

डॉक्टर श्रीपाद आले, त्यांनी पहिली काच बघितली, मग दुसरी, मग सहाही.

"एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा वाटतोय. हळू वाढणारा," ते काचेवरून डोळा न काढता म्हणाले. "परळच्या कॅन्सर हॉस्पिटलला पाठवून खास तपासण्या करून घ्याव्या लागतील, पण नव्वद टक्के तोच. दुर्मिळ गोष्ट आहे, नूतन. कुणाची केस?"

"माझ्या जावेची. दीड वर्षापूर्वीची."

त्यांनी मान वर केली. "दीड वर्षापूर्वी मी फायब्रॉइड म्हणून सही केली होती ती?"

"सर, हा तुकडा तुम्हाला मी तेव्हा दिला नव्हता. मऊ होती म्हणून सोडली. घरी हळद होती. वहीत तिन्ही टणक लिहिल्या."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळलं. "बरणी मी बघायची असते," ते म्हणाले. "मी बघत नाही. तुझ्या वहीवर सही करतो." मग कोरडेपणानं, कामाला लागल्यासारखं म्हणाले, "आता हे असं लिहायचं. 'पूर्वीच्या नमुन्याची पुन्हा तपासणी केली असता वेगळे निदान आढळले.' एवढंच. जास्त नाही. घरच्यांना पण हेच सांग. इंजेक्शनं मात्र ताबडतोब बंद."

"आणि सर, तिचं मूल?"

"आधी गर्भाशय काढायचं, बीजांडंही. सगळं अजून गर्भाशयातच असेल तर ती पुष्कळ वर्षं जगेल. उशीर झाला तर हा आजार हळूहळू फुप्फुसापर्यंत जातो." ते उठले. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "दीड वर्षापूर्वी कळलं असतं तर एवढ्या तरुण मुलीला मूल होईपर्यंत कुणी थोडी सवड दिली असती का, ते मला माहीत नाही. काही ठिकाणी देतात. फार जवळून लक्ष ठेवतात." मी विचारलं नव्हतं. त्यांना का सांगावंसं वाटलं कोण जाणे.

घरी मी डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. जुना नमुना पुन्हा तपासला, वेगळं निदान आलं. कल्पेश मटकन खाली बसला. उन्नतीनं नवा रिपोर्ट माझ्या हातातून काढून घेतला. आणि सासूबाईंनी, सखू नाव त्यांचं, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरत होते तर अंगणात त्यांचा आवाज. मच्छीवाल्या अंजनीला सांगत होत्या, "माज्या मोठ्या सुनेनं पकरला गो रोग. दीर वरस कोनाला कल्ला नाय. हिनं जुनी बरनी काढून परत बगितली. एवरी माया कोन करतं धाकट्या जावंवर?" अंजनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी हंडा तसाच सोडून आत गेले. त्या आठवड्यात अर्ध्या बदलापूर गावानं माझं कौतुक केलं. भजनी मंडळाच्या बायकांनी माझी ओटी भरली! मी ती भरून घेतली. काय करणार होते? नको म्हणाले असते तर का ते सांगावं लागलं असतं.

परळला सगळं पुन्हा झालं. एमआरआय, खास रंगाच्या तपासण्या, तीन डॉक्टरांची बैठक. निदान तेच. आजार अजून गर्भाशयाच्या बाहेर गेलेला नव्हता. त्यांनी सांगितलं, लवकरात लवकर काढा. या सगळ्यात साडेतीन आठवडे गेले, आणि उन्नतीची पुढची पाळी तोंडावर आली.

आणि उन्नती अडून बसली.

"वहिनी, ती ऐकत नाही," कल्पेशनं लॅबमध्ये फोन केला. तो अंबरनाथ एमआयडीसीत सुपरवायझर आहे, मागे मशीनचा आवाज येत होता. "बोलते, ऑपरेशन नाय करणार. पाळी आली की इंजेक्शन चालू करणार. तू नाय दिलंस तर नर्स बोलावीन बोलते. तू तरी समजाव. तुझं ऐकते ती."

मी तशीच निघाले. उन्नती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. समोर नव्या टॉवरचं काम चाललं होतं. मला बघून ती म्हणाली, "त्यानं पाठवलं ना?"

"हो."

"मग ऐक." तिनं आत येऊन दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बहुतेक दिवसातून दहादा ती तेच करत असावी, कागदांच्या घड्या मऊ पडल्या होत्या. "हा पहिला. यात लिहिलंय, तीन गाठी, साध्या. हा दुसरा, त्याच गाठींचा. यात लिहिलंय कॅन्सर. लॅब तीच, डॉक्टर तेच, सही तीच. मग मला सांग, कुठला खरा? मी परळला पण विचारलं. ते बोलले, पहिल्याचं आम्हाला माहीत नाही, आम्ही दुसऱ्याच्या काचा बघितल्या. कशावरून त्या माझ्याच? दीड वर्षं जुनी बरणी, दुसऱ्या कुणाची नसेल कशावरून? लॅबमध्ये अदलाबदल होते, मी यूट्यूबवर बघितलंय."

"उन्नती, एमआरआय पण..."

"एमआरआयमध्ये गाठ दिसते, ती कसली ते दिसत नाही. हे पण त्यांनीच सांगितलं." तिचा आवाज चढला. "मी गर्भाशय काढून टाकू? बीजांडं पण? आणि मग कळलं की पहिलाच रिपोर्ट बरोबर होता, तर ते परत बसवणारे का मला? मी पहिला मानते. एवढंच."

ती चुकत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही असंच भांडले असते. त्या दोन कागदांच्या मधे एक गोष्ट नव्हती, आणि ती घालणारी मी एकटीच होते. डॉक्टरांचं ते गुळगुळीत वाक्य मी महिनाभर पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. त्यानं मी वाचले होते, डॉक्टर वाचले होते, आणि ही मरायला निघाली होती.

मी म्हटलं, "बरणी तुझीच आहे. अदलाबदल नाही झाली. ती दीड वर्षं मी लपवून ठेवली होती."

"लपवून म्हणजे?"

मी सांगितलं. खाली न बघता, तिच्याकडे बघत सांगितलं, कारण तेवढं तरी मी तिचं देणं लागत होते. साडेतीन वाजता बरणी उघडली. दोन टणक, एक मऊ. मऊचे तुकडे वाईट येतात म्हणून सोडली. हिरवी साडी नेसायची होती. वहीत खोटं लिहिलं. सोमवारी घेईन म्हटलं आणि घेतलं नाही. पहिल्या रिपोर्टात जे आहे ते त्या दोन गाठींचं आहे, आणि ते बरोबर आहे. तिसरी गाठ कुणी बघितलीच नव्हती. मी बघू दिली नव्हती.

समोर टॉवरवर ड्रिलचा आवाज सुरू झाला. उन्नती उठली, बाल्कनीचं सरकतं दार तिनं लावलं आणि परत येऊन बसली.

"तुला तेव्हा दिसलं होतं? ती वेगळी आहे ते?"

"दिसलं होतं."

"आणि मग इंजेक्शनं दिलीस मला?"

"दिली."

"बारा दिवस," ती म्हणाली. "बारा दिवस माझ्या पोटात." मला वाटलं ती मला मारेल, आणि मला ते हवं होतं. तिनं फक्त दोन्ही रिपोर्ट उचलून एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पुन्हा सोडले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं, आणि त्याची मला लाज वाटली. रडायचा हक्क माझा नव्हता.

"आईंना माहितीये?"

"नाही. मी आजच सांगते. कल्पेशला पण."

"तू कुणाला सांगायचं नाहीस. मी ठरवीन कुणाला सांगायचं ते. ते तरी माझ्या हातात राहू दे. मला एक सांग. तेव्हाच कळलं असतं, हळदीच्या दिवशीच, तर मला मूल झालं असतं?"

डॉक्टर दारात उभं राहून जे बोलले होते ते मला शब्द न् शब्द आठवत होतं. कुणी सवड दिली असती का, माहीत नाही. काही ठिकाणी देतात. मी ठरवूनच आले होते की आता हिच्याशी एकही शब्द खोटा बोलायचा नाही.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "कदाचित..."

"कदाचित नको." तिनं माझं मनगट धरलं, दुखेल असं धरलं. "ताई, कदाचित घेऊन मी कुठे जाऊ? रात्रंदिवस तेच करत बसीन मी. नसतं झालं असं बोल."

"उन्नती..."

"दीड वर्षं खोटी वागलीस ना स्वतःसाठी? आता एकदा माझ्यासाठी वाग. नसतं झालं. बोल."

"नसतं झालं," मी म्हटलं. "तेव्हा कळलं असतं तरी तेव्हाच काढावं लागलं असतं. मूल नसतंच झालं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी खोटं बोलतेय हे तिला पुरतं कळत होतं, आणि मला ते कळतंय हेही. तरी तिनं मान हलवली, दुकानदारानं सांगितलेला भाव पटला नाही तरी वस्तू घ्यायचीच असते तशी. मनगट सोडलं.

"तारीख कधीची देतायत?"

"सही केलीस तर येत्या गुरुवारची."

"कल्पेशला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, मी तयार झाले. आणि तुझ्यामुळे झाले असं सांग, म्हणजे तो जास्त विचारणार नाही."

मी फोन लावला. पलीकडून कल्पेश मशीनच्या आवाजात ओरडून मला थँक्यू म्हणत होता. उन्नती समोर बसून ऐकत होती, आणि मला ते सगळं ऐकून घ्यावं लागलं.